लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलल्यानंतरची सॉफ्टवेअर पुनर्स्थापना

लॅपटॉपची हार्ड डिस्क निकामी झाल्यावर तिच्या जागी नवी डिस्क बसवून त्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम, ड्रायव्हर, उपयोजन सॉफ्टवेअर, भाषेची साधने व वापरकर्त्याची माहिती पुन्हा प्रस्थापित करण्याच्या प्रक्रियेला सॉफ्टवेअर पुनर्स्थापना असे म्हणतात. डिस्क बदलण्याचे यांत्रिक काम बहुतेक लॅपटॉपमध्ये थोड्या वेळात होते. पुनर्स्थापनेला मात्र काही तासांपासून काही दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो.

या प्रक्रियेत परत मिळवायच्या गोष्टी तीन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात ऑपरेटिंग सिस्टीम व सॉफ्टवेअर येतात. ती निर्मात्याकडून पुन्हा घेता येतात. दुसऱ्या प्रकारात परवाने, पासवर्ड व कूटकिल्ल्या येतात. त्या नोंदवून ठेवल्या असतील तरच मिळतात. तिसऱ्या प्रकारात वापरकर्त्याने स्वतः निर्माण केलेली माहिती येते. तिची दुसरी प्रत नसेल, तर ती कोणत्याही निर्मात्याकडून परत मिळत नाही. पुनर्स्थापनेतील कामांचा क्रम या फरकावरून ठरतो. मराठी वापरकर्त्यांच्या बाबतीत कळफलक व फाँट यांची पुनर्स्थापना हा एक स्वतंत्र व महत्त्वाचा टप्पा असतो.

पार्श्वभूमी

आयबीएम या कंपनीने १९५६ साली रॅमॅक या संगणकासोबत पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या असलेल्या त्या यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरे मावत असत. लॅपटॉपसाठी सोयीची ठरलेली २.५ इंची डिस्क १९८८ साली प्रेअरीटेक या कंपनीने प्रथम तयार केली. २००३ नंतर साटा ही जोडणी रूढ झाली. चुंबकीय तबकड्यांऐवजी अर्धवाहक चिपवर माहिती साठवणाऱ्या सॉलिड स्टेट ड्राइव्हने, म्हणजे एसएसडीने, पुढील काळात लॅपटॉपमधील हार्ड डिस्कची जागा मोठ्या प्रमाणात घेतली. जुन्या लॅपटॉपमध्ये निकामी हार्ड डिस्कच्या जागी आता बहुधा एसएसडीच बसवली जाते.

डिस्क निकामी होण्याची कारणे

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या मिनिटाला साधारणतः ५,४०० किंवा ७,२०० फेरे फिरतात. माहिती वाचणारे व लिहिणारे शीर्ष तबकडीला न टेकता, काही नॅनोमीटर अंतरावरून सरकते. चालू स्थितीत लॅपटॉप पडला किंवा त्याला जोराचा हादरा बसला, तर शीर्ष तबकडीवर आपटून चुंबकीय थर खरवडला जातो. याखेरीज धारवा झिजणे, मोटर बंद पडणे, सर्किट जळणे आणि तबकडीवरील काही भाग वाचता न येण्याजोगा होणे ही नेहमीची कारणे आहेत.

अचानक वीज जाण्याचा धोका लॅपटॉपला बॅटरीमुळे कमी असतो. बॅटरी निकामी झाल्यावर मात्र अनेक लॅपटॉप केवळ चार्जरवर चालवले जातात. अशा वेळी वीज गेल्यास लेखन अर्धवट राहते आणि फाइल प्रणाली बिघडते. हा बिघाड पुष्कळदा केवळ तार्किक असतो. अशी डिस्क यांत्रिकदृष्ट्या शाबूत असल्याने ती बदलण्यापूर्वी तपासणी करणे उपयुक्त ठरते.

नागपूरचे हवामान

बहुतेक लॅपटॉप हार्ड डिस्कची कार्यतापमान मर्यादा सुमारे ० ते ६० अंश सेल्सिअस अशी दिलेली असते. ही मर्यादा खोलीच्या नव्हे, तर डिस्कच्या तापमानाला लागू होते आणि चालू लॅपटॉपच्या आतील तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरेच जास्त असते. नागपुरात मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंशांच्या आसपास जातो. २३ मे २०१३ रोजी तेथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. अशा दिवसांत वातानुकूलन नसलेल्या खोलीत, विशेषतः गादीवर किंवा मांडीवर ठेवून हवेचे झरोके झाकले गेलेल्या लॅपटॉपमध्ये, डिस्क आपल्या मर्यादेच्या जवळ पोचू शकते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवलेल्या लॅपटॉपलाही हेच लागू आहे.

तथापि उष्णता हेच डिस्क बिघडण्याचे मुख्य कारण, हा समज पूर्णपणे सिद्ध झालेला नाही. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कच्या निरीक्षणांवर आधारित निबंध प्रसिद्ध केला. त्यात तापमान व बिघाड यांचा संबंध अपेक्षेपेक्षा बराच क्षीण आढळला. अतिउच्च तापमानात आणि वय झालेल्या डिस्कमध्येच तो काहीसा दिसला. या डिस्क नियंत्रित हवेच्या केंद्रांतील होत्या, त्यामुळे हा निष्कर्ष विदर्भातील उन्हाळ्यात वापरल्या जाणाऱ्या लॅपटॉपला जसाच्या तसा लागू करता येत नाही. मात्र हिवाळ्यात किंवा थंड खोलीत डिस्क सुरक्षित राहते, असेही त्यावरून म्हणता येत नाही.

बिघाडाची लक्षणे

टक-टक असा नियमित आवाज, फाइल उघडण्यास लागणारा असाधारण वेळ, कॉपी करताना मध्येच थांबणे, संगणक वारंवार गोठणे आणि सुरू होताना बूट करण्याजोगे साधन सापडत नसल्याचा संदेश ही हार्ड डिस्कच्या बिघाडाची परिचित लक्षणे होत. एसएसडीमध्ये हलणारे भाग नसल्यामुळे ती आवाज करत नाही आणि पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना न देता एकाएकी बंद पडते.

आधुनिक डिस्क स्वतःच्या स्थितीची नोंद स्मार्ट या यंत्रणेद्वारे ठेवतात. खराब भागांऐवजी वापरात आणलेल्या राखीव भागांची संख्या आणि वाचता न आलेल्या भागांची संख्या या त्यातील सर्वांत सूचक नोंदी आहेत. वर उल्लेखिलेल्या निबंधानुसार, तपासणीत पहिली त्रुटी आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता त्रुटी नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. उलट, निकामी झालेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये तापमान वगळता स्मार्टच्या कोणत्याही नोंदीत पूर्वसूचना नव्हती. याचा अर्थ, स्मार्टने दिलेला इशारा गंभीर मानावा लागतो. परंतु इशारा नाही म्हणून डिस्क निर्धोक आहे, असे मानता येत नाही.

जुन्या डिस्कवरील माहितीची सोडवणूक

पुनर्स्थापनेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय नवी डिस्क बसवण्यापूर्वीच घ्यावा लागतो. जुन्या डिस्कवरील माहितीची दुसरी प्रत नसेल, तर प्रथम ती माहिती बाहेर काढली जाते आणि नंतरच इतर कामे केली जातात. बिघडत चाललेली डिस्क जितका वेळ चालू राहते, तितका तिचा बिघाड वाढू शकतो. त्यामुळे वारंवार संगणक सुरू करून पाहणे, डिस्क दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर तिच्यावर चालवणे किंवा त्याच डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा टाकणे या गोष्टी हानिकारक ठरतात. पुन्हा केलेल्या स्थापनेमुळे जुन्या फाइलच्या जागी नवी माहिती लिहिली जाते व त्या फाइल कायमच्या नष्ट होतात.

डिस्क अंशतः वाचता येत असल्यास ती यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडून आवश्यक फाइल उतरवल्या जातात. संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेण्यासाठी ग्नू डीडीरेस्क्यू हे मुक्त सॉफ्टवेअर वापरले जाते. ते प्रथम सहज वाचता येणारे भाग उतरवते आणि अडचणीच्या भागांकडे नंतर वळते. पुढील सर्व प्रयोग मूळ डिस्कवर न करता या प्रतिमेवर केले जातात. फाइल प्रणाली बिघडली असल्यास टेस्टडिस्क व फोटोरेक ही सॉफ्टवेअर उपयोगी पडतात. डिस्क मुळीच फिरत नसेल किंवा आवाज करत असेल, तर ती केवळ धूळमुक्त कक्षात उघडता येते. हे काम खर्चिक असते व त्यात यशाची खात्री नसते.

जुनी डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध केलेली असल्यास ती दुसऱ्या संगणकावर वाचण्यासाठी ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली लागते. कूटबद्धतेची नेहमीची किल्ली मूळ लॅपटॉपच्या मदरबोर्डवरील सुरक्षा चिपशी जोडलेली असते, हे त्याचे कारण होय. ही पुनर्प्राप्ती किल्ली बहुधा वापरकर्त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते.

हमीच्या मुदतीत डिस्क बदलून मिळते, परंतु हमी ही केवळ वस्तूची असते, तिच्यावरील माहितीची नसते. बदललेली जुनी डिस्क सहसा कंपनीकडे जमा करावी लागते. त्यामुळे माहिती सोडवून घ्यायची असल्यास ते काम डिस्क परत करण्यापूर्वी करावे लागते.

नव्या डिस्कची निवड

जुन्या लॅपटॉपमध्ये २.५ इंची साटा डिस्क बसते, तर नव्या लॅपटॉपमध्ये एम.२ या आकाराची पट्टीसारखी एसएसडी असते. एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे. तिच्यातील जोडणी साटा किंवा एनव्हीएमई यांपैकी एक असू शकते. म्हणून विकत घेण्यापूर्वी लॅपटॉपच्या माहितीपत्रकात जोडणीचा प्रकार पाहावा लागतो. काही लॅपटॉपमध्ये साठवणीची चिप मदरबोर्डवरच झाळलेली असते व ती वेगळी बदलता येत नाही. नागपुरात संगणकाचे सुटे भाग व दुरुस्तीची दुकाने सीताबर्डी व धंतोली या मध्यवर्ती भागांत आढळतात.

ऑपरेटिंग सिस्टीमची पुनर्स्थापना

अनेक लॅपटॉपमध्ये निर्मात्याने ठेवलेला पुनर्प्राप्ती विभाग असतो. हा विभाग मूळ डिस्कवरच असल्यामुळे डिस्क निकामी झाली की तोही नाहीसा होतो. त्यामुळे स्थापनेसाठी वेगळे माध्यम तयार करावे लागते. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर हे माध्यम तयार करता येते. त्यासाठी दुसरा चालू संगणक लागतो.

नवी डिस्क बसवल्यावर संगणक सुरू होताना ठरावीक कळ दाबून बूट मेनू उघडला जातो व पेन ड्राइव्ह निवडला जातो. ही कळ निर्मात्यागणिक वेगळी असते. कोऱ्या डिस्कवर विभाग पाडताना जीपीटी ही पद्धत निवडली जाते. जुन्या एमबीआर पद्धतीत २ टीबीहून मोठ्या डिस्कची पूर्ण जागा वापरता येत नाही. इंटेलच्या अकराव्या व त्यानंतरच्या पिढ्यांतील काही लॅपटॉपमध्ये स्थापनेच्या वेळी नवी डिस्क यादीत दिसतच नाही. अशा वेळी डिस्क सदोष असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात व्हीएमडी या साठवण नियंत्रकाचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्यावा लागतो.

कोणती आवृत्ती बसवायची, हे लॅपटॉपच्या वयावर अवलंबून असते. विंडोज ७ ला मिळणारे सुरक्षा अद्यतन १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण आवश्यक आहे. या अटी पूर्ण न करणाऱ्या लॅपटॉपसाठी लिनक्सच्या उबुंटू, डेबियन इत्यादी वितरणांचा पर्याय असतो. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टीम डेबियनवर आधारित असून तिच्यात भारतीय भाषांचा आधार अंतर्भूत आहे.

ड्रायव्हर

ऑपरेटिंग सिस्टीम व यंत्राचे भाग यांच्यातील दुवा असलेल्या सॉफ्टवेअरला ड्रायव्हर म्हणतात. पुनर्स्थापनेनंतर वाय-फायचा ड्रायव्हर नसल्यास इंटरनेट मिळत नाही आणि इंटरनेटवाचून ड्रायव्हर उतरवता येत नाही, असा पेच उद्भवतो. तो टाळण्यासाठी नेटवर्कचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घेतला जातो किंवा मोबाइल फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरले जाते. सर्वसाधारणपणे प्रथम चिपसेटचा, नंतर नेटवर्क, ग्राफिक्स, ध्वनी व टचपॅड यांचे ड्रायव्हर घातले जातात. लॅपटॉपच्या तळाशी छापलेला अनुक्रमांक निर्मात्याच्या संकेतस्थळावर दिल्यास त्या प्रतिमानाचे नेमके ड्रायव्हर मिळतात.

परवाने

विंडोज ७ च्या काळात उत्पादन किल्ली लॅपटॉपच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर छापलेली असे. ही पट्टी झिजल्यास किल्ली वाचणे अवघड होत असे. विंडोज ८ पासून लॅपटॉपसोबत येणाऱ्या विंडोजची किल्ली मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्ये ठेवली जाऊ लागली. विंडोज १० पासून डिजिटल परवान्याची पद्धत आली. त्यात परवाना यंत्राच्या ओळखीशी जोडला जातो. त्यामुळे केवळ डिस्क बदलल्यास तीच आवृत्ती पुन्हा बसवताना विंडोज सहसा आपोआप सक्रिय होते. मदरबोर्ड बदलल्यास तसे होत नाही.

हिशेबाची व अन्य विकतची सॉफ्टवेअर नव्या डिस्कवर पुन्हा सक्रिय करताना मूळ अनुक्रमांक व नोंदणीकृत ई-मेल लागतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्यक्रम व व्यवहारांची माहिती या दोन वेगळ्या गोष्टी असतात. कार्यक्रम पुन्हा बसवल्याने जुन्या खातेवह्या परत येत नाहीत. वस्तू व सेवा कर विवरणपत्रे किंवा ई-निविदा यांसाठी लागणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीची खाजगी किल्ली मात्र स्वतंत्र यूएसबी टोकनमध्ये असते. डिस्क गेली तरी ती सुरक्षित राहते व केवळ टोकनचा ड्रायव्हर आणि स्वाक्षरीचे सॉफ्टवेअर पुन्हा घालावे लागते.

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार, संगणक कार्यक्रमाची प्रत कायदेशीरपणे जवळ असलेल्या व्यक्तीने हानी, नाश वा नुकसान यांपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करणे हा प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. याउलट, कलम ६३ब नुसार अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा असून त्यासाठी किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कारावास आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षेची तरतूद आहे. व्यापारी लाभासाठी वापर नसल्यास न्यायालय ती कमी करू शकते.

मराठी लेखनाची साधने

युनिकोड कळफलक व फाँट

नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये मराठी अक्षरे दिसतात, परंतु मराठी कळफलक आपोआप सुरू झालेला असतोच असे नाही. भाषेच्या सेटिंगमधून मराठी जोडल्यावर भारतीय मानक असलेला इन्स्क्रिप्ट कळफलक उपलब्ध होतो. रोमन अक्षरांच्या उच्चारानुसार टंकलेखन करणाऱ्यांसाठी विंडोज १० च्या मे २०१९ मधील आवृत्तीपासून मराठी फोनेटिक कळफलक अंतर्भूत आहे. अनेकांच्या सवयीचे झालेले गुगल इनपुट टूल्सचे विंडोजसाठीचे ऑफलाइन सॉफ्टवेअर गुगलने वितरित करणे थांबवले आहे. ज्यांनी त्याची मूळ फाइल जपून ठेवली नाही, त्यांना डिस्क बदलल्यानंतर दुसऱ्या साधनाकडे वळावे लागते.

फाँटच्या बाबतीतही फरक पडतो. विंडोज १० पासून देवनागरीसाठी निर्मला हा फाँट मूळ स्थापनेत असतो, तर मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फाँट ऐच्छिक पूरक संचात ठेवले आहेत. त्यामुळे मंगलमध्ये तयार केलेला शोधप्रबंध नव्या डिस्कवर उघडल्यास मजकूर शाबूत असतो, पण फाँट बदलल्याने पृष्ठसंख्या व मांडणी हलते. पूरक संच घातल्यावर मूळ मांडणी परत येते.

युनिकोडपूर्व फाँट

युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि विंडोजमध्ये देवनागरीचा आधार विंडोज २००० पासून मिळू लागला. त्यापूर्वी व त्यानंतरही बराच काळ मराठी अक्षरजुळणी श्री-लिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटमध्ये होत असे. या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरी आकृत्या बसवलेल्या असतात. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे क्रमांकच साठवलेले असल्यामुळे तो विशिष्ट फाँट संगणकावर नसल्यास मजकूर निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. प्रत्येक फाँट-कुटुंबाची रचना वेगळी असल्याने एकाच्या जागी दुसरा फाँट चालत नाही.

नागपूर हे वृत्तपत्रांचे व ग्रंथप्रकाशनाचे जुने केंद्र आहे. 'हितवाद' हे इंग्रजी वृत्तपत्र येथे १९११ साली सुरू झाले, विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ सालची आहे आणि 'लोकमत' दैनिक येथूनच १९७१ साली निघू लागले. अशा शहरातील अक्षरजुळणी केंद्रे, लहान प्रकाशक, लेखक व निवृत्त प्राध्यापक यांच्या जुन्या संगणकांच्या बाबतीत फाँटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. ग्रंथाच्या फाइल सोडवून घेतल्या, पण फाँटच्या फाइल जुन्या डिस्कसोबत गेल्या, तर ग्रंथ हाती असूनही वाचता येत नाही. म्हणून जुन्या डिस्कवरून माहिती उतरवताना दस्तऐवजांबरोबर विंडोजच्या फाँट या फोल्डरचीही प्रत घेणे आवश्यक असते. मराठी अक्षरजुळणीत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची ७.० ही शेवटची मुख्य आवृत्ती २००१ साली निघाली व तिच्यात युनिकोडचा आधार नाही. असे मजकूर परिवर्तक सॉफ्टवेअरने युनिकोडमध्ये आणून ठेवल्यास पुढील काळात कोणत्याही संगणकावर वाचता येतात. परिवर्तनात जोडाक्षरे, रफार व ऱ्ह, ऱ्य यांतील अर्धा र चुकण्याचा संभव असल्याने मुद्रितशोधन करावे लागते.

बॅकअप

माहितीच्या किमान तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक वेगळ्या ठिकाणी ठेवावी, हा ३-२-१ नावाचा नियम छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी प्रचारात आणला. त्याच लॅपटॉपमधील डी ड्राइव्हवर ठेवलेली प्रत ही बॅकअप ठरत नाही, कारण सी व डी हे बहुधा एकाच डिस्कचे विभाग असतात व डिस्क निकामी झाल्यास दोन्ही एकत्रच जातात. क्लाउडशी जुळवलेल्या फोल्डरमध्ये चुकून पुसलेली फाइल क्लाउडवरूनही पुसली जाते, म्हणून त्यासोबत स्वतंत्र प्रतही ठेवली जाते.

कपाटात ठेवलेली एसएसडी हे दीर्घकालीन जतनाचे खात्रीशीर साधन नव्हे. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, लेखनक्षमता संपत आलेल्या घरगुती वापराच्या एसएसडीने वीजपुरवठ्याविना ३० अंश सेल्सिअस तापमानात एक वर्ष माहिती टिकवणे अपेक्षित आहे. तापमान वाढल्यास हा काळ घटतो. नागपूरच्या उन्हाळ्यात बंद खोलीचे तापमान या मर्यादेच्या पुष्कळ वर जाते.

जुन्या डिस्कची विल्हेवाट

निकामी डिस्क संगणकाला वाचता येत नसली, तरी तिच्यावरील माहिती नष्ट झालेली नसते. ओळखपत्रांच्या प्रती, बँकेचे तपशील व साठवलेले पासवर्ड प्रयोगशाळेत परत मिळवता येऊ शकतात. चालू डिस्क टाकून देण्यापूर्वी ती पूर्णपणे पुसली जाते. एसएसडीसाठी निर्मात्याने दिलेला सुरक्षित पुसण्याचा आदेश वापरला जातो. बंद पडलेल्या डिस्कच्या तबकड्या किंवा चिप फोडणे हाच पर्याय उरतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ अन्वये ई-कचऱ्याचे पुनर्चक्रण नोंदणीकृत व्यावसायिकांकडूनच व्हावे लागते. त्यामुळे डिस्क घरगुती कचऱ्यात न टाकता अशा संकलनाकडे दिली जाते.

हे सुद्धा पहा

हार्ड डिस्क
सॉलिड स्टेट ड्राइव्ह
ऑपरेटिंग सिस्टीम
युनिकोड
इन्स्क्रिप्ट कळफलक
ई-कचरा